मदत हवी आहे : ‘व्यापार’च्या पटावर एलिझाबेथ मॅगी यांचे नियम कसे बसवावेत?

आठवीच्या मुलामुलींसाठी, खेळ घडवणाऱ्या स्त्रियांचे श्रेय कसे पुसले जाते या विषयावर मी एक तासिका घेणार आहे. त्यासाठी अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी यांचा ‘द लँडलॉर्ड्स गेम’ हा पटावरचा खेळ निवडला आहे; ‘मोनोपॉली’ त्यातूनच पुढे आला. त्याचे पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्यांचे हक्क ५०० डॉलरला घेतले आणि ‘मोनोपॉली’चा जनक म्हणून चार्ल्स डॅरो यांचेच नाव कित्येक दशके छापले गेले. (स्त्रियांच्या आर्थिक स्थितीकडे लक्ष वेधण्यासाठी १९०६ मध्ये स्वतःलाच विक्रीस काढल्याची जाहिरात देणारी ही बाई विस्मरणात जावी, याचे मला फार नवल वाटते.)

मॅगी यांच्या खेळातील ‘समृद्धी’ नावाच्या नियमसंचात जमिनीचे भाडे मालकाऐवजी सार्वजनिक खजिन्यात जाते आणि सर्वांत गरीब खेळाडूची मूळ रक्कम दुप्पट झाली की सगळेच जिंकतात. घरी ‘व्यापार’च्या पटावर पाच जणांत हे करून पाहिले, परंतु खजिना फुगत गेला आणि दीड तासातही कोणाची रक्कम दुप्पट झाली नाही. प्रत्येक फेरीचे वेतन वाढवले, तर पैसा इतका झाला की भाड्याला अर्थच उरला नाही.

तासिका ४५ मिनिटांची आहे, गट पाचांचे आहेत, संगणक नाही आणि नवीन पट छापणे शक्य नाही. मोबाइलवरील आवृत्ती त्यामुळे उपयोगाची नाही. ज्यांनी असा सहकारी खेळ वर्गात घेतला आहे त्यांनी कृपया सांगावे : खजिन्यातील रक्कम किती फेऱ्यांनी आणि कोणत्या प्रमाणात वाटली, तर अर्ध्या तासात खेळ संपेल आणि भाड्याची झळही जाणवेल?