शब्दचर्चा : 'डीआयवाय'ला 'पदरमोड' म्हणावं का?

माझ्या भाच्याचा पंक बँड आहे; पंक म्हणजे रांगडं, चिडलेलं रॉक संगीत. चौघं परळच्या एका खोलीत तालीम करतात, नवा अल्बमही तिथेच रेकॉर्ड केला. गाणी चाळींच्या पुनर्विकासावर, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांवर. परवा तो शंभर खाकी पाकिटं घेऊन आला. त्यांवर मारायला रबरी शिक्का करून घ्यायचा होता. म्हणाला, "मामा, डीआयवायला मराठीत काय म्हणतात सांग. पाकिटावर इंग्रजी नको."

डीआयवाय म्हणजे 'डू इट युअरसेल्फ', कंपनीवाचून सगळं आपलं आपण करायचं. मी आधी 'घरगुती' म्हटलं. त्याला त्यात लोणच्याचा वास आला. 'हौशी' नाटकवाल्यांनी मानाने मिरवलाय, पण त्यात हौस आहे; या पोरांच्या गाण्यांत राग आहे. 'स्वनिर्मित' म्हणजे थेट परिपत्रक. मग सुचला 'पदरमोड'. पदराच्या गाठीला बांधलेला पैसा मोडायचा. 'मोड' तोच, नोट मोडतो, दागिना मोडतो त्यातला. पंकचं मर्म मला यात दिसतं. पैसा कंपनीचा नाही, म्हणून 'ही ओळ काढा' म्हणणारा कुणी नाही.

शिक्क्यावर 'राजकीय' हा शब्दही हवा होता, अडलं ते तिथे. 'राजकीय अल्बम' म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या पक्षाचा? 'विद्रोही' मी सुचवलाच नाही. १९७२ साली याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या काळाने या शब्दाला जे वजन दिलंय ते शिक्क्यावर उसनं घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. आपल्याला काय वाटतं?

•

पदरमोड छान आहे, पण त्यात झीज सोसल्याचा सूर आहे. शिवाय नेहमी पदरचंच मोडतं असंही नाही. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने जानेवारी १९७७मध्ये स्वतःची पहिली रेकॉर्ड काढली ती घरच्यांकडून, मित्रांकडून सुमारे ५०० पौंड जमवून. ती उसनवारी झाली. परळमध्येच बसलेत तर 'वर्गणी' का नको? गिरणगावात गणपतीपासून संपापर्यंत सगळं वर्गणीवरच उभं राहिलं.

आणि भाच्याला 'अनियतकालिक' हा शब्दही द्या. साठच्या दशकात 'असो', 'येरू' अशी अनियतकालिकं निघाली. निघेल तेव्हा निघेल, हे नावातच सांगितलेलं. सायक्लोस्टाइल केलेल्या अंकाला 'चक्रमुद्रित' म्हणत. पंकवाले स्वतःच छापून वाटलेल्या छोट्या अंकाला झीन म्हणतात, ते याहून वेगळं काय आहे?

•

'अनियतकालिक' ऐकून पोरगा हरखला. दोनदा म्हणून पाहिला. अल्बमसोबत गाण्यांच्या शब्दांची चार पानी झेरॉक्स देणार आहेत, तिच्या माथ्यावर आता तोच शब्द येईल.

'वर्गणी'वर मात्र त्याने मान हलवली. "आम्ही कुणाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन गेलो नाही, मामा. ड्रमवाल्याने सायकल विकली." सायकल मोडली, म्हणजे पदरमोडच की.

'राजकीय' त्यांनी गाळला. गाणी ऐकली की कळतंच, म्हणाला. मला पटलं.

क्रास नावाचा इंग्लिश बँड रेकॉर्डच्या वेष्टणावर किंमत छापून, त्याहून जास्त देऊ नका असं बजावायचा. ते भाच्याला फार आवडतं. 'देऊ नका'च्या जागी 'मोजू नका' मी सुचवलं. काल रात्री आम्ही दोघांनी साठ पाकिटं केली. शाई जास्त झाली की 'ड'चं पोट भरून जातं, म्हणून दर पाचव्या ठशाला शिक्का फडक्याने पुसावा लागतो. मजकूर असा आहे : पदरमोडीने काढला. शंभर रुपये. याहून जास्त मोजू नका.