मदत हवी आहे: स्प्रिंग बूट 3 वर गेल्यावर शेवटच्या स्लॅशमुळे 404

मंडळी, खानापूर भागातल्या दूध संकलनाच्या ॲपचं सर्व्हर सांभाळतो. गाव आणि तारीख पाथ व्हेरिएबलमधून, म्हणजे यूआरएलच्याच तुकड्यांतून येतात. स्प्रिंग बूट (जावाचं सर्व्हर फ्रेमवर्क) 2.7 वरून 3 वर आल्यापासून यूआरएलच्या शेवटी स्लॅश असलेली प्रत्येक विनंती 404, म्हणजे 'सापडलं नाही'. बूट 3 च्या खालच्या स्प्रिंग 6 मध्ये स्लॅश असलेला आणि नसलेला पत्ता एकच धरणारी जुळणी मुळातच बंद असते, तेवढं कळलं. स्लॅश लावणारं ॲप सुधारता येईल, पण जांबोटी-कणकुंबीकडं रेंजच धड नाही, लोक अपडेट कधी करणार? जुनी सेटिंग परत चालू करता येते, पण ती डेप्रिकेटेड (वापरू नये असं ठरवलेली), नकोच. मग प्रत्येक मॅपिंगला (पत्त्याच्या नोंदीला) स्लॅशसह आणि स्लॅशविना असे दोन पॅटर्न लिहू, की स्प्रिंग 6.2 मधला, शेवटचा स्लॅश हाताळणारा यूआरएल हँडलर फिल्टर लावू? रीडायरेक्ट (क्लायंटला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) चालणार नाही, 301 या रीडायरेक्टवर बरेच क्लायंट माहिती पाठवणाऱ्या पोस्ट विनंतीचं नुसतं माहिती मागणारं गेट करतात. या फिल्टरचं, विनंती सर्व्हरच्या आतल्या आत वळवणारं कॉन्फिगरेशन कुणी वापरलंय काय? परवानगी तपासणाऱ्या सिक्युरिटी फिल्टरच्या आधी लावायचं की नंतर?