घराची किंमत ठरवायला आलेला व्हॅल्युअर घरात असताना मालकाने गप्पच बसायचं का?

उंबरठा: ‘दार उघडा आणि गप्प बसा, हातात कागद दिलात तर तो दबाव.’ इथलंच कालचं हे वाक्य वाचून डोकं सणकलं. अहो, भिंतीआडची वायरिंग बदललीय हे व्हॅल्युअरला स्वप्नात कळणार का? एक पान द्यायचं: काय बदललं, कोणत्या वर्षी, बिलांच्या प्रती, मंजूर नकाशा. दाराशीच द्यायचं. मग मागे मागे फिरून ‘ही फरशी किती महाग’ सांगत बसायचं नाही. तो आकडे लिहिताना मध्ये बोललात की 11.6 चं 16.1 झालंच. पोटमाळा, मीटरचं कपाट, गच्ची, सगळी कुलपं आधी काढून ठेवा. एक खोली बंद राहिली की पुन्हा फेरी.

कोरडी_पट्टी: पान ठीक. पण खाली ‘अपेक्षित किंमत’ लिहिता ना, दबाव तो. आसपासच्या विक्रीची यादी खुशाल द्या. फक्त चढ्या भावाचीच घरं वेचू नका, पडेल भावाची त्याला सापडतातच. आणि स्वयंपाकघरावर जितका खर्च केला तितकी किंमत वाढते, हा भ्रम सोडा. राहता राहिला रंग. आदल्या आठवड्यात ओलीवर रंग मारणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार!

उंबरठा: घर नीटनेटकं दाखवणं गुन्हा आहे का?

कोरडी_पट्टी: अख्खी खोली जुनी आणि जमिनीलगत मीटरभर उंचीचा पट्टा तेवढा ताजा, हे नीटनेटकं? चढती ओल साधारण तेवढीच चढते. वर घट्ट रंग बसला की आतलं पाणी बाहेर पडत नाही, पोपडे सुटतात. ओल मोजायचा मीटर लावला की पितळ उघडं.

तिसरा_मजला: मीटरचं कौतुक पुरे. दोन पिनांचा मीटर लाकडासाठी बेतलेला असतो. गिलाव्यात क्षार असले की कोरडी भिंतही मोठा आकडा दाखवते. ‘भिंतीत 30 टक्के ओल’ म्हणणाऱ्याला आधी यंत्राची पुस्तिका वाचायला द्या. कपाटामागची काळी बुरशी तर बऱ्याचदा साचलेल्या बाष्पाची असते, गळतीची नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

कोरडी_पट्टी: आणि क्षार काय आभाळातून पडले? ओलीनेच आणले ना!

तिसरा_मजला: आणले. गळती बंद झाली तरी क्षार तिथेच राहतात, एवढं तरी कळतंय का? म्हणून दुरुस्तीचं बिल आणि काम चालू असतानाचे फोटो हवेत. नुसत्या मीटरवर निकाल देऊ नये.

उंबरठा: म्हणजे फिरून माझ्याच पानावर आलात. अभिनंदन.

कोरडी_पट्टी: पानावर आलो, रंगावर नाही. भिंत वाळायला इंचाला एक महिना हा ढोबळ हिशोब. 9 इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी चार-साडेचार महिने. तोवर गिलावा उघडा दिसू दे आणि पानावर ‘दुरुस्ती झाली, वाळते आहे’ लिहा. उघडा गिलावा परवडला, लपवलेला डाग नाही.

मोजपट्टी: तुमची भिंत वाळेपर्यंत एक सांगतो. कुत्रा बांधा! लेझर मीटरचा लाल ठिपका भिंतीवर पडला की तो झेप घेतो, किरण त्याच्या पाठीवर अडतो आणि 14 फुटांची खोली 6 फुटांची होते. वर मालक म्हणतात, ‘चावत नाही हो तो.’