सस्पेन्शन 'सगळं एकदम बदला' म्हणजे निदान नव्हे, वैताग

पाना_चौदा

परवा 'हळूचाल' यांनी साधा प्रश्न विचारला होता. गाडी 13 वर्षांची, 1,40,000 किलोमीटर झालेली. खराब रस्त्यावर पुढून खडखड, ब्रेक मारला की एकदाच 'टक्', आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सारखं सावरावं लागतं. त्यावर 'एकदाच_काम' यांचं उत्तर दोन ओळींचं: "वय झालं गाडीचं. टाय रॉड, रॅक एंड, लोअर आर्म, लिंक, शॉकअब, माउंट सगळं एकदम बदला आणि मोकळे व्हा." म्हणजे पुढच्या चाकांना धरणारे, वळवणारे आणि धक्के झेलणारे सगळेच भाग. खाली सात-आठ जणांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, आधी गाडीला हात तरी लावा! जॅकवर उचला, खाली टेकूची घोडी ठेवा, चाक घड्याळाच्या तीन आणि नऊवर धरून हलवा. डुगडुगलं तर टाय रॉड एंड नाहीतर रॅक एंड (स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं बाहेरचं आणि आतलं टोक) बघायचा. मग बारा आणि सहावर धरा. तिथे हललं तर बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा लोअर आर्म चाकाला जोडतो तिथला गोळीचा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. दोघांतलं कोण हे कळत नसेल तर कुणाला तरी आत ब्रेक दाबून बसवा. ढिलाई गायब झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर सांधा.

लिंक रॉडसाठी तर गाडी उचलायचीही गरज नाही. गतिरोधकावरून दोन्ही चाकं बरोबर गेली की गप्प आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की टकटक, असं असेल तर पहिला संशय लिंकवर. लिंक ज्याला जोडलेला असतो तो स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा आडवा दांडा) दोन बाजूंची चाकं वेगवेगळी वरखाली झाली तरच पिळतो, एरवी त्याला कामच नसतं.

माझ्याच गाडीचं सांगतो. अशीच खडखड. एका गॅरेजात शॉकअबची जोडी बदलली, खडखड तशीच. मग माउंट बदलले, तशीच. शेवटी एका रविवारी मीच खाली झोपलो आणि डावा लिंक हातात धरून हलवला. सैल झालेल्या दारच्या कडीसारखा वाजला. तो बदलायला वीस मिनिटं लागली. जुने शॉकअब अजून माळ्यावर पडलेत, थेंबभर तेल गळलेलं नाही त्यांतून.

एकदाच_काम

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. आता एकेक भाग बदलणाऱ्याचं काय होतं तेही ऐका.

मीही तुमच्यासारखाच शहाणा होतो. आधी फक्त उजवा टाय रॉड एंड बदलला, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली. तीन महिन्यांनी डावा बॉल जॉइंट गेला, परत अलाइनमेंट. मग रॅक एंड निघाला, परत तेच. दर वेळी एक सुट्टी आणि एक दिवस गाडीशिवाय. या सगळ्या भानगडीत पुढचे दोन्ही नवे टायर आतल्या कडेने टकले झाले ते वेगळंच. कारण अलाइनमेंटचं यंत्र माप घेतं उभ्या गाडीचं आणि सैल सांधा सरकतो पळत्या गाडीत. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत होतं!

एका सांध्याचे 1,40,000 झाले असतील तर शेजारच्याचे काय निम्मे झालेत? रबर तर न चालवताही म्हातारं होतं. आणि लिंक तुटला तर आवाज येईल, वळणावर गाडी जरा जास्त झुकेल, एवढंच. टाय रॉड एंड निसटला तर ते चाक तुमचं ऐकायचंच बंद करतं. तुमच्या दहा मिनिटांच्या हलवाहलवीवर भरवसा ठेवून मी घरच्यांना गाडीत बसवणार नाही.

दुसरा_गिअर

पाना, तुमचं बारा-सहाचं सरसकट लागू होत नाही. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब एकाच खांबात) असेल तर गाडीचा भार स्प्रिंगमधून वरच्या माउंटवर जातो, खालचा बॉल जॉइंट मोकळाच असतो. त्यामुळे चाक लोंबकळतं ठेवून तपासलं तर चालतं. पण जिथे स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते तिथे बॉडीखाली जॅक लावलात तर स्प्रिंग सांध्याला दाबून धरते आणि झिजलेला बॉल जॉइंटही घट्ट वाटतो. तिथे जॅक आर्मखालीच हवा. माझ्या आधीच्या गाडीला दोनदा 'ओके' म्हणून परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा मी स्वतः जॅकची जागा बदलायला लावली, तर चाक हाताने हललं.

पाना_चौदा

मान्य. मी मॅकफर्सन धरूनच लिहिलं. 1950 च्या फोर्ड कॉन्सलपासून तो रुळला आणि आता छोट्या गाड्यांत पुढे बहुतेक तोच असतो. पण तुमच्या दुरुस्तीमुळे 'नीट तपासा' हाच मुद्दा पक्का होतो, 'सगळं बदला' हा नाही.

सांधेदुखी

तुम्ही दोघं काय बदलायचं यावर भांडताय. बदललेलं कसं आवळतात यावर एक अक्षर नाही! दहा वर्षं मी हेच सांगून घसा कोरडा केलाय.

लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला जोडतो तिथला बुश म्हणजे एकात एक दोन नळ्या आणि मधलं रबर. रबर दोन्हींना चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडते. आर्म वरखाली होताना रबर फिरत नाही, पिळतं, आणि परत मूळ जागी येतं. आता गाडी उचललेली, चाक लोंबकळतंय, आर्म पार खाली झुकलाय आणि अशात तुम्ही बोल्ट आवळला. रबराच्या दृष्टीने तीच झाली 'मूळ जागा'. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं. वरून प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळणार. वर्षानुवर्षं टिकणारा बुश काही महिन्यांत फाटतो आणि बोल कुणाला? तर 'सामान डुप्लिकेट निघालं' म्हणून दुकानदाराला.

बोल्ट आधी नुसते बसवायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे. एवढंच आहे. हे मी एका ठिकाणी उभं राहून सांगितलं तर मला म्हणाले, "साहेब, तुम्ही चहा घेऊन या."

काळे_हात

बरोबर म्हणाले. उभं राहून सूचना देणारे रोज चार येतात.

22 वर्षं हेच काम करतोय. गाडी जमिनीवर उतरवली की त्या मागच्या बोल्टपर्यंत पाना कसा न्यायचा ते जरा येऊन दाखवा. खाली हात जात नाही, तिथे पाना फिरवायला जागा कुठली? प्रत्येकाकडे गाडीखाली उतरायचा खड्डा नसतो, चार खांबांची लिफ्ट नसते. गंजलेला बोल्ट बुशच्या नळीला धरून बसलेला असतो, तो कापायला दोन तास जातात आणि गिऱ्हाईक दर पंधरा मिनिटांनी फोन करतं, झाली का म्हणून. सामान स्वतः कुठून तरी मागवून आणतात, वॉरंटी मात्र माझ्याकडे मागतात. सामान बसवून झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या म्हणून बजावून सांगितलं तरी जात नाहीत आणि महिन्याने 'टायर खाल्ला' म्हणून भांडायला हजर. त्यावर कधी काढणार धागा?

सांधेदुखी

खड्डा लागत नाही की लिफ्ट लागत नाही. गाडी उचलायच्या आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्यायचं. काम झालं की बॉल जॉइंटखाली दुसरा जॅक लावून तेच माप येईपर्यंत चाक वर घ्यायचं आणि तेव्हा आवळायचं. पाच मिनिटं जातात. ती द्यायची नाहीत असं सरळ सांगा.

काळे_हात

पाच मिनिटं तुमच्या एका गाडीला. वरच्या गोष्टी बोलायला सोप्या असतात.

सांधेदुखी

वरच्या गोष्टी? टाय रॉडच्या कॅसल नटला (खाचांचा नट) तो सुटू नये म्हणून भोकातून घालायच्या स्प्लिट पिनऐवजी तार पिळून घातलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. भोक जुळत नाही म्हणून नट मागे ढिला करून पिन घालणारेही पाहिलेत. अरे, पुढे आवळून जुळवायचं असतं ते! बॉल जॉइंट सोडवायला पुलर (सांधा दाबून सोडवायचं हत्यार) वापरायचा सोडून फाट्याने (दुशिंगी पाचर) ठोकतात, त्यात चांगलं रबरी टोपण फाटतं, आतलं ग्रीस बाहेर आणि पाणी आत. मग सहा महिन्यांनी तोच सांधा 'वयामुळे' गेला म्हणायचं.

काळे_हात

तार घालणारा मी नव्हे. सगळ्यांना एका मापात तोलायचं असेल तर चालू द्या. मी चाललो.

कोरडा_विनोद

पीयू (रबराऐवजी पॉलियुरेथेनचे) बुश टाका, ते नळीभोवती फिरतात, पिळायचा प्रश्नच मिटला.

दुसरा_गिअर

आणि ग्रीस वाळलं की प्रत्येक खड्ड्याला जुन्या दारासारखे कुरकुरतात. शिवाय रस्त्याचा सगळा थरथराट गाडीत येतो. रोजच्या गाडीला कशाला हवंय ते?

एकदाच_काम

या मारामारीत एक गोष्ट सिद्ध झाली, बघा. बसवणाऱ्याच्या हाताची खात्री नसेल तर गाडी कमीत कमी वेळा उघडावी. म्हणजे एकदाच उघडून सगळं करून घ्यावं. माझाच मुद्दा.

पाना_चौदा

उलट! हाताची खात्री नसेल तर धड असलेला बुश उघडायचाच कशाला? कारखान्यात नीट आवळलेला, अजून पाच वर्षं टिकला असता असा बुश काढायचा आणि त्या जागी हवेत आवळलेला नवा बसवायचा. याला तुम्ही देखभाल म्हणता?

एकदाच_काम

'अजून पाच वर्षं टिकला असता' हे तुम्हाला त्या बुशने येऊन सांगितलं का? बरं, एवढं देतो तुम्हाला. शॉकअब गळत नसतील आणि टायरवर लाटांसारखी झीज नसेल तर मी ते यादीतून काढतो. टाय रॉड एंड मात्र जोडीनेच बदलणार, त्यात तडजोड नाही.

पाना_चौदा

सहातला एक कमी झाला. पेढे वाटा.

हळूचाल

मूळ प्रश्न माझाच होता. तीन दिवस नुसता वाचतोय, मध्ये बोलायला जागा मिळाली नाही.

एक सांगायचं राहिलं होतं. दोन्ही लोअर आर्म 14 महिन्यांपूर्वी नवे टाकलेत. 16,000 किलोमीटरही झाले नसतील. नवे आहेत म्हणून प्रश्नात लिहिलंच नाही.

काल भावाला घेऊन तपासलं. तीन-नऊला काही नाही, बारा-सहाला काही नाही. मग एकाने गाडी हाताने पुढे ढकलायची आणि दुसऱ्याने आत ब्रेक दाबायचा असं करून पाहिलं. दर वेळी 'टक्'. आवाज आर्मच्या मागच्या बुशपाशी येतोय हे खाली हात लावल्यावर कळलं. तिथे टॉमी (लोखंडी सळई) घालून हलकं उचकटलं तर रबर आतल्या नळीपासून अर्ध्या गोलात सुटलेलं, फटीतून पलीकडचा उजेड दिसतोय. दुसऱ्या बाजूला तसंच, आणि फाटलंयही त्याच दिशेने. उजवा लिंक पण सैल आहे, तो वेगळा.

सांधेदुखी

दोन्ही बाजू. एकाच दिशेने. 14 महिन्यांत.

मला आता काही बोलायचं नाही. चहा आणायला चाललो.

एकदाच_काम

म्हणजे लिंकही गेला आणि आर्मही गेला. माझ्या यादीत दोन्ही होते, हे नोंदवून ठेवा.

पाना_चौदा

तुमच्या यादीत गाडीचा पुढचा अर्धा भागच होता. सापडणारच होतं काहीतरी! आणि तुमचं ऐकून तेच आर्म परत तसेच हवेत आवळून घेतले असते तर पुढच्या वर्षी हळूचाल पुन्हा इथेच आले असते.

हां, मी लिंक म्हणालो होतो आणि खरा दोष निघाला बुश. हे कोणी काढायच्या आधी मीच लिहून टाकतो.

दुसरा_गिअर

हळूचाल, मागचा बुश सुटला असेल तर ब्रेक मारताना आर्म मागे सरकतो आणि चाकाची दिशाच बदलते. स्टेअरिंग सावरावं लागतंय ते बहुधा त्यामुळेच. तोवर जोरात चालवू नका. टायरवरून तळहात आडवा फिरवून बघा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलीत ते माप) बिघडलाय.

हळूचाल

करवतच आहे. आता आर्म पूर्ण बदलू की नुसता बुश? बुश दाबून बसवायला प्रेस लागतो म्हणतात. आणि 14 महिन्यांपूर्वी ज्यांनी बसवले त्यांच्याकडेच परत जाऊ का?

काळे_हात

जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. न बघता मी कुणावर शिक्का मारणार नाही. रबरच हलकं असलं तरी फाटतं. पण दोन्हीकडे एकाच दिशेने म्हणजे... असो.

बॉल जॉइंटला ढिलाई नाही, टोपणही धड असेल तर नुसता बुश प्रेसवर बदला, आर्म फेकायची गरज नाही. मात्र जुना बुश कोणत्या बाजूला तोंड करून बसलाय त्याची आर्मवर खूण करून ठेवा. काहींच्या रबरात पोकळ्या असतात, ते फिरवून बसवले की काम वाया. बोल्टचे नट नवे घ्या. लिंक जोडीने टाका. शेवटी अलाइनमेंट, टाळू नका.

आणि गाडी जॅकवर घ्यायच्या आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावून माप लिहून घ्या, दोन्ही बाजूंचं.