उत्पादन परदेशी गेल्याने काम सुटणाऱ्या कामगारांना सरकारकडून काय मिळते?

अंबडचा ऑपरेटर

सर्वांना नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील विद्युत उपकरणांच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षे कायम नोकरीत सीएनसी ऑपरेटर आहे. आमच्या दोन्ही लाइन व्हिएतनामला हलवणार असल्याचे व्यवस्थापनाने गेल्या आठवड्यात तोंडी सांगितले आणि लगेच आम्हा १४० कायम कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे छापील अर्ज ठेवले. आठ दिवसांत सही केल्यास ग्रॅच्युइटीसह सर्व देणी धरून मला साडेतीन लाख रुपये मिळतील, एरवी कायद्याने बसेल तेवढेच मिळेल, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये आहे, हातात येण्यापूर्वीचा एकूण पगार २०,५०० आहे आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी नियमित कापली जाते. काम परदेशी गेल्यामुळे बेकार होणाऱ्यांसाठी सरकारची एखादी योजना आहे का, आणि सही करावी का?

सातपूरचा जुना प्रतिनिधी

काम परदेशी गेले म्हणून वेगळी मदत देणारी योजना आपल्याकडे नाही. जे काही मिळते ते आपली नोकरी कागदावर कशी संपली यावर अवलंबून असते, म्हणून आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याच्या व्याख्येत कामगार कपात ठरत नाही. त्यामुळे त्या अर्जावर सही झाली की कपातीची वा कारखानाबंदीची भरपाई हक्क म्हणून मागता येत नाही आणि ईएसआयचा बेकारी भत्ताही जातो.

आता हिशेब पाहा. कारखाना बंद झाल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. १८,००० रुपये धरले तरी चौदा वर्षांचे १,२६,००० होतात. ग्रॅच्युइटी याहून वेगळी असते. तिथे महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून ती १,४५,३८५ रुपयांच्या घरात जाते. शिवाय ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत, कारखानाबंदी किंवा कपातीमुळे काम गेलेल्या विमाधारकाला पहिले बारा महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के आणि पुढील बारा महिने २५ टक्के भत्ता मिळू शकतो, आणि त्या काळात कुटुंबाचे ईएसआयमधील उपचारही चालू राहतात. आपल्या २०,५०० रुपयांच्या एकूण पगारावर ढोबळमानाने ही रक्कम १,८०,००० होते. सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास जाते, म्हणजे साडेतीन लाखांचे आमिष वाटते तेवढे गोड नाही. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० आहे. ती ओलांडून बाहेर गेलेल्या सहकाऱ्यांना हा भत्ता नाही. हजार रुपये पगारवाढीची ही किंमत मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे.

कामगार कायद्याची अभ्यासक

वरील उत्तराला थोडी जोड देते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली, त्यामुळे १४० जणांच्या आपल्या कारखान्याला परवानगी घ्यावी लागणार नाही. तरीही साठ दिवस आधी शासनाला लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे, आणि तोंडी सूचना म्हणजे नोटीस नव्हे. मालकाच्या आवाक्याबाहेरील अपरिहार्य कारणाने कारखाना बंद पडला, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनापुरती मर्यादित होते. व्यवस्थापन त्याचा आधार घेऊ पाहील, परंतु नुसता तोटा किंवा शिल्लक माल हेसुद्धा कायद्याने अपरिहार्य कारण मानलेले नाही, तेव्हा स्वस्त मजुरीसाठी लाइन हलवणे तर दूरच राहिले.

याच संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन त्यात भरायचे असते आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचे असते. हे पंधरा दिवस एकदाच मिळतात, दर वर्षामागे नव्हे, आणि कलमाची भाषा केवळ कपातीपुरती आहे. चौदा वर्षे एकच यंत्र चालवलेल्या माणसाने पंधरा दिवसांच्या पैशांत कोणते नवे कौशल्य शिकावे, हे कायदा सांगत नाही.

तुलनेसाठी सांगते, अमेरिकेत १९६२ पासून आयातीमुळे विस्थापित कामगारांसाठी व्यापार समायोजन साहाय्य नावाची योजना होती आणि काम परदेशी गेलेल्यांनाही तिचा लाभ मिळे. तिघा कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चौकशी होई आणि मंजुरी मिळाल्यास प्रशिक्षणाचा खर्च व त्या काळातील उत्पन्न मिळे. मुदतवाढ न मिळाल्याने जुलै २०२२ पासून तिथे नव्या अर्जांवर निर्णय होणे थांबले. युरोपीय संघाचा असाच निधी २००७ पासून आहे.

अंबडचा ऑपरेटर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मी सही केलेली नाही, मात्र आमच्यापैकी अकरा जणांनी परवाच अर्ज भरून दिले आहेत. त्यांना आता काही करता येईल का? आणि ठेकेदाराकडच्या मुलांचे काय?

सातपूरचा जुना प्रतिनिधी

स्वीकृतीचे पत्र हाती पडले नसेल तर त्या अकरा जणांनी अर्ज मागे घेत असल्याचे उद्याच लेखी द्यावे, पोच घ्यावी आणि एक प्रत कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात द्यावी. मात्र अर्ज मागे घेता येणार नाही अशी अट छापील मजकुरात आहे का, हे आधी वाचून पाहावे. असल्यास वकिलाला दाखवावे. ठेक्यावरच्या मुलांची भरपाई ठेकेदाराकडे मागावी लागते. त्याने थकवलेल्या पगाराची जबाबदारी मात्र मूळ कंपनीवर येते. त्यांनी हजेरीकार्ड, पगाराच्या पावत्या आणि ईएसआय क्रमांक आताच जपून ठेवावेत, कारण लाइन हलली की ठेकेदारही हलतो.