एस्क्राव्होसच्या स्त्रिया पाठीशी नव्हे, पुढे होत्या

नायजेरियातील तेलसमृद्ध नायजर डेल्टात तेल कंपन्यांविरुद्ध झालेल्या लढ्यात स्त्रिया पुरुषांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, असे म्हटले जाते. मला हे वर्णन अन्यायाचे वाटते. जुलै २००२ मध्ये तिथल्या उगबोरोडो परिसरातील इत्सेकिरी समाजाच्या स्त्रियांनी, ज्यांत वयोवृद्ध आज्याही होत्या, शेवरॉनटेक्साको या अमेरिकी तेल कंपनीचे एस्क्राव्होस येथील तेल-निर्यात केंद्र कोणतेही शस्त्र न उचलता सुमारे १० दिवस रोखून धरले. आपल्याला बळाने हटवल्यास विवस्त्र होऊ, असा त्यांचा इशारा होता. तिथल्या समजुतीनुसार आईच्या वयाच्या स्त्रीने असे करणे म्हणजे समोरच्याला शाप देणेच असते, त्यामुळे तो इशारा कोणीही हलका मानला नाही. मागण्या होत्या मुलांना नोकऱ्या, वीज, पिण्याचे पाणी, शाळा आणि दवाखाना यांच्या. ज्यांच्या दारातून रोज लाखो पिंपे तेल परदेशी जात होते, त्यांना वीज मागण्यासाठी असे बसावे लागावे, हे मला अजूनही अस्वस्थ करते. कंपनीने आश्वासने दिल्यावर त्या उठल्या. मात्र त्याच सुमारास इजॉ या दुसऱ्या समाजाच्या स्त्रियांनी जवळची चार तेल-संकलन केंद्रे ताब्यात घेतली. आग्नेय नायजेरियात १९२९ मध्ये वसाहती कराच्या धास्तीने उठलेल्या हजारो स्त्रियांचा वारसाही इथे लक्षात घ्यायला हवा. त्या वेळी गोळीबारात ५० हून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या होत्या.