नवा शॉवर, बारीक धार

विषय: नव्या शॉवरला जोर नाही, पंप घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

बाथरूममध्ये नवा शॉवर बसवून घेतला आहे. भिंतीत बसवलेला एका दांडीचा मिक्सर, वर २५० मिमीचा गोल शॉवर, बाजूला हँडशॉवर. पाणी थेट मेन लाइनवरून येतं, टाकी नाही. बेसिनच्या नळाला भरपूर जोर आहे. शॉवरचं पाणी हवं तेवढं कोमट होतं, पण धार इतकी बारीक की केसांतला शाम्पू उतरत नाही. हँडशॉवरचीही तीच गत. बसवणाऱ्यांनी बूस्टर पंप सुचवला आहे. घ्यावा का? जाणकारांनी कृपया सांगावं.

——

उत्तर: नव्या शॉवरला जोर नाही, पंप घ्यावा का?

ताई, पंप तूर्त घेऊ नका. बेसिनला जोर आहे म्हणजे घरात येणारा दाब ठीक आहे. पाणी अडतंय ते मिक्सर ते शॉवर या शेवटच्या टप्प्यात. तिथे पंप लावला तर अडथळा तसाच राहतो आणि त्यावर नुसता जोर पडत राहतो.

दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळ बंद असतानाही पाइपात दाब असतोच. अंगाला जाणवतं ते मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते. म्हणून आधी मोजा. बादलीत मापाने १० लिटर पाणी ओतून आत खूण करा आणि त्या खुणेपर्यंत भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ६०० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाचे लिटर मिळतात. वरच्या शॉवरला ८-९ लिटर असतील तर उत्तम. ५ च्या खाली आकडा आला तर कुठेतरी अडकलंय.

मोजायचं असं: एकदा शॉवर लावलेला असताना, दांडी मध्ये ठेवून. मग शॉवर काढून, उघड्या पाइपातून. शॉवर काढलेलाच ठेवून पूर्ण गार आणि पूर्ण गरम, अशी दोनदा वेगवेगळी. गरम मोजताना बादलीपासून हात लांब ठेवा. शेवटी बेसिनचा नळ, पण त्याच्या तोंडाची जाळी काढून. ती जाळी बरेचदा स्वतःच पाणी मिनिटाला ५-६ लिटरवर अडवते, म्हणून ती ठेवून केलेली तुलना फसवी ठरते.

शॉवर काढताना पान्याखाली फडकं धरा, म्हणजे क्रोमवर चरे पडणार नाहीत. दुसऱ्या हाताने भिंतीतून आलेला दांडा घट्ट धरा. तो फिरला तर भिंतीच्या आतला सांधा सैल होतो आणि गळती महिन्या-दोन महिन्यांनी पलीकडच्या भिंतीवर ओल होऊन दिसते.

शॉवर उलटा करून आत बघा. रबरी वॉशर आणि त्यात बारीक जाळी दिसेल. नव्या कामात कचरा बसतो तो इथे: टेफ्लॉन टेपच्या वळलेल्या शेवया, पाइप कापतानाचा कीस, वाळूचे कण, सिमेंटचे खडे. टेपचा नखाएवढा तुकडा जाळीवर आडवा पडला तरी पाणी निम्मं होतं. नव्या शॉवरला क्षाराचा त्रास इतक्यात होत नाही, तेव्हा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्यात वेळ घालवू नका.

जाळीमागे प्लास्टिकची छोटी चकती असते, ती प्रवाह मर्यादित ठेवणारी. काहींत नुसतं बारीक भोक असतं. काहींत लवचीक रबरी कडं असतं, ते दाब वाढला की फुगून वाट अरुंद करतं, म्हणून दाब कमी-जास्त झाला तरी पाणी साधारण तेवढंच राहतं. ही चकती सर्रास काढू नका. बऱ्याच ठिकाणी पाणी वाचवण्याच्या नियमांसाठी ती घातलेली असते, शिवाय ती काढली की छोट्या गीझरचं गरम पाणी मध्येच संपतं. चकती उलटी बसली आहे का, किंवा एकाऐवजी दोन वॉशर एकावर एक बसलेत का, एवढं जरूर तपासा. पॅकिंगमध्ये येणारं प्लास्टिकचं बूच आत तसंच राहून गेल्याचंही सापडतं.

आणखी एक हिशेब. १०० मिमीच्या साध्या शॉवरपेक्षा २५० मिमीच्या तबकडीचं क्षेत्रफळ सव्वासहा पट असतं. तेच ९ लिटर सव्वासहा पट जागेत विखुरले की पाऊस पडतो, मारा बसत नाही. तो दोष नव्हे, त्या प्रकारचा स्वभाव. पण हँडशॉवरचीही तीच गत आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे माझा संशय मिक्सरवर आहे. आकडे कळवा.

——

उत्तर: उत्तर: नव्या शॉवरला जोर नाही

काका, मोजलं. सगळं १० लिटरसाठी:

शॉवर लावून, दांडी मध्ये: २ मिनिटं ५ सेकंद
शॉवर काढून, दांडी मध्ये: २ मिनिटं
शॉवर काढून, पूर्ण गार: २ मिनिटं ४० सेकंद
शॉवर काढून, पूर्ण गरम: १ मिनिट ५ सेकंद
बेसिन, जाळी काढून, गार: ५५ सेकंद

जाळीत टेपचे दोन-तीन धागे होते, ते काढले. फरक जेमतेम.

——

उत्तर: उत्तर: नव्या शॉवरला जोर नाही

ताई, मी मध्येच बोलतो, कारण तुमच्या आकड्यांत उत्तर आलेलंच आहे. शॉवर काढून फक्त ५ सेकंद वाचले, म्हणजे शॉवर निर्दोष. नुसतं गरम मिनिटाला सव्वानऊ लिटर येतंय, नुसतं गार पावणेचार. बेसिनला मात्र गार जवळजवळ ११ येतं. तेव्हा अडथळा मिक्सरच्या गार बाजूला आहे.

मग प्रश्न पडतो की गार कमी असेल तर मधल्या जागी पाणी कढत यायला हवं, ते कोमट कसं येतं? तुमचा मिक्सर दाब जुळवणारा असणार. त्याच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे दांडीमागच्या गरम-गार मिसळणाऱ्या सुट्या भागात, एक छोटी दट्ट्या असते. एका बाजूचा दाब पडला की ती दुसऱ्या बाजूची वाटही तेवढीच अरुंद करते. कुणी फ्लश ओढला तर अंघोळ करणाऱ्याला चटका बसू नये, यासाठी ती आहे. तुमच्याकडे ती आपलं काम चोख करते आहे. गार अडलंय म्हणून गरमही अडवते. पूर्ण गरमवर गार वाहतच नाही, त्यामुळे अडथळ्यामागे दाब पुन्हा चढतो आणि दट्ट्या गरमाला मोकळं सोडते. म्हणून तिथे धार चांगली.

आता दुरुस्ती. भिंतीतल्या बऱ्याच मिक्सरना दोन्ही बाजूंना स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे बंद-चालू स्क्रू असतात. बसवताना ते बंद करतात आणि नंतर एखादा अर्धवट उघडा राहतो. दांडीचा बारीक स्क्रू सोडा (बहुतेक वेळा ॲलन किल्लीचा असतो, रंगीत टोपीखाली लपलेला), दांडी आणि चकचकीत झाकण काढा. त्याआधी मोरीच्या जाळीवर फडकं टाका, तो स्क्रू एकदा खाली गेला की हाती लागत नाही.

पितळी बॉडीच्या डाव्या-उजव्या बाजूला खाच असलेले दोन मोठे स्क्रू दिसतील. गार सहसा उजवीकडे, पण हात लावून खात्री करा. घड्याळाच्या उलट दिशेने अलगद फिरवा, अडेपर्यंत, आणि फेरे मोजा. अडल्यावर जोर लावू नका. काहींत त्यामागेच एकतर्फी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग असते, जास्त फिरवलं तर दाबाखाली सगळं बाहेर येतं. दोन्ही बाजू सारख्या उघडा आणि बादली पुन्हा लावा.

स्क्रू आधीच पूर्ण उघडा निघाला तर कचरा आत आहे. घराचा मुख्य कॉक बंद करा, बेसिनचा नळ उघडून दाब उतरवा, मग कार्ट्रिज धरून ठेवणारी क्लिप किंवा नट काढून कार्ट्रिज सरळ ओढा. ते कसं बसलं होतं याचा फोटो आधी घ्या. १८० अंशांत उलटं बसलं की गरम-गारची बाजू बदलते. कार्ट्रिज हलवून बघा, दट्ट्या आत खुळखुळली पाहिजे. आवाज नसेल तर ती कणांमुळे अडकली आहे. कोमट पाण्यात धुऊन अलगद आपटून बघा. नाही सुटली तर कार्ट्रिज बदला, खरवडू नका. कार्ट्रिज बाहेर असतानाच बॉडीवर उलटी बादली धरून कुणालातरी मुख्य कॉक दोन-तीन सेकंद किंचित उघडायला सांगा. कचरा पाण्याबरोबर निघून जातो. रबरी कड्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस किंवा तेल नको, त्याने रबर फुगतं.

——

उत्तर: उत्तर: नव्या शॉवरला जोर नाही

या निमित्ताने मीही विचारते. आमच्याकडे वरच्या टाकीचं पाणी आहे, शॉवरच्या तोंडापासून टाकीतलं पाणी जेमतेम २ मीटर वर. तेव्हा हेच उपाय करायचे का?

——

उत्तर: उत्तर: नव्या शॉवरला जोर नाही

नाही, तुमचं गणित वेगळं. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे २ मीटरला फक्त ०.२. साध्या भोकातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ३ बारला ९ लिटर देणारा शॉवर ०.२ बारला सव्वादोन-अडीच लिटरच देईल, तोही पाइपातलं घर्षण सोडून. प्रवाह दुप्पट हवा तर दाब चौपट लागतो, म्हणून टाकी अर्धा मीटर उचलून फारसं काही हाती लागत नाही.

शॉवर घेताना खोक्यावर किमान दाब किती लिहिलाय ते बघा. १ बार लिहिलेला तुमच्या उपयोगाचा नाही, ०.१ किंवा ०.२ बारला चालणारा मागा. त्यात चकती नसते आणि भोकं मोठी असतात. टाकीपासून मिक्सरपर्यंत पाइप मोठ्या मापाचा आणि कमी वळणांचा ठेवा. पाइप मध्ये वर चढून पुन्हा खाली येत असेल तर त्या चढावर हवा अडकते. धार सुरुवातीला फुसफुसते आणि मग बारीक होते, ती त्यामुळेच.

इथे मात्र पंपाला अर्थ आहे. गरम आणि गार दोन्ही एकाच टाकीतून येत असतील तर दोन्ही लाइनींना मिळून दुहेरी पंप घ्या. एकाच बाजूला लावला तर मिक्सर बिथरतो. शॉवर टाकीच्या तळाशी समपातळीत असेल तर साधा पंप सुरूच होत नाही, कारण आपोआप सुरू व्हायला त्याला थोडा प्रवाह आधी लागतो. तसा पंप विकत घेताना शून्य उंचीला चालणारा असं स्पष्ट सांगा. मेन लाइनला थेट पंप जोडणं बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही, कारण तो शेजारच्यांचं पाणी ओढतो.

——

उत्तर: उत्तर: नव्या शॉवरला जोर नाही

गार बाजूचा स्क्रू तीन फेरे बंद होता, गरमचा पूर्ण उघडा. उघडल्यावर दांडी मध्ये ठेवून, शॉवर लावलेला असताना: १ मिनिट ६ सेकंद. पंपाची ऑर्डर दिली नव्हती. मनापासून आभार. शॉवर परत लावताना टेप किती गुंडाळायची?

——

उत्तर: उत्तर: नव्या शॉवरला जोर नाही

छान! ९ लिटरचा शॉवर ९ लिटर देतोय, यापेक्षा जास्त त्याच्याकडून मागू नका.

भिंतीतल्या दांड्याच्या आट्यांवर टेपचे तीन-चार फेरे, टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तोच काठ पुन्हा जाळीत जाऊन बसेल. हाताने आवळा आणि मग पान्याने पाव फेरा. हँडशॉवरच्या नळीला टेप लावूच नका, तिथे वॉशर पाणी धरतो.

आणि एक काम आजच करा. दांडी किती गरमपर्यंत फिरते याची मर्यादा कार्ट्रिजवरच्या दातेरी कड्याने ठरते, आणि ती गार बाजू अडलेली असताना ठरवली होती. दांडी पूर्ण गरमकडे नेऊन स्वयंपाकाच्या थर्मामीटरने पाणी मोजा. ४९ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर कडं काढून एक-एक दात गारकडे सरकवा आणि पुन्हा मोजा. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर याहून खाली ठेवा.